दुखरा दात आणि दूरचा दवाखाना

शरीराच्या दुखण्यांपैकी ज्याची चेष्टा सर्वाधिक होते आणि ज्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते, असे दुखणे दाताचे होय. ताप चढला तर घरातील माणसे धावपळ करतात, छातीत कळ आली तर शेजारीपाजारीही धावून येतात. परंतु दाढ ठणकू लागली की लवंग दाताखाली धरावी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्या आणि कामाला लागावे, एवढाच सल्ला मिळतो. दाताने कोणी मरत नाही, हा आपल्या समाजाचा दृढ समज आहे. हा समज केवळ अडाणी माणसांचा नाही. अंदाजपत्रके तयार करणारे, आरोग्य योजना आखणारे आणि विमा कंपन्यांची कलमे लिहिणारे सुशिक्षितही मनातून तेच धरून चालतात. त्यामुळे सार्वजनिक आरोग्याच्या पंगतीत दंतोपचाराला नेहमीच शेवटचे पान वाढले जाते.

या उपेक्षेत एक विलक्षण विसंगती दडलेली आहे. देशात आज तीनशेहून अधिक दंतवैद्यक महाविद्यालये आहेत आणि त्यांतून दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडतात. त्यांतील कित्येक तरुण शहरातील एखाद्या जुन्या दवाखान्यात तुटपुंज्या मोबदल्यावर राबतात, तर कित्येक आपली पदवी बाजूला ठेवून स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत जाऊन बसतात. दुसरीकडे खेड्यातील आणि झोपडपट्टीतील असंख्य माणसे आयुष्यात एकदाही दंतवैद्याच्या खुर्चीवर न बसता दात गमावून बसतात. चणे आहेत तर दात नाहीत आणि दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. दंतवैद्य आहेत आणि दुखणारे दातही आहेत. त्या दोहोंची गाठ मात्र पडत नाही. ती का पडत नाही, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा जितका आहे, त्याहून अधिक अर्थशास्त्राचा आहे.

गरज आणि मागणी

अर्थशास्त्र 'गरज' आणि 'मागणी' यांत काटेकोर भेद करते. एखादी वस्तू हवी असणे ही गरज. ती विकत घेण्याची ऐपत आणि तयारी त्या इच्छेच्या जोडीला असली, तरच ती मागणी ठरते. बाजाराला फक्त मागणी दिसते, गरज दिसत नाही.

गरज किती मोठी आहे याची कल्पना भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीवरून येते. पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के, बारा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के आणि पंधरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६३ टक्के मुलांच्या दातांना कीड लागल्याचे त्या पाहणीत आढळले. पस्तीस ते चव्वेचाळीस या ऐन कर्त्या वयाच्या गटात हे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवर गेले होते, आणि हिरड्यांच्या विकारांचे प्रमाण त्याहूनही जास्त होते. थोडक्यात, निरोगी तोंड हाच आपल्याकडे अपवाद आहे. हे दुखणे एकट्या भारताचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीनशे कोटी माणसांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे, आणि त्यांतील दर चौघांपैकी तिघे मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात.

एवढी प्रचंड गरज मागणीच्या रूपाने बाजारात का उतरत नाही? 'पैसा नाही म्हणून' हे उत्तर अर्धेच खरे आहे. किंमत हा अनेक अडथळ्यांपैकी एक अडथळा आहे. अंतर, वेळ, अज्ञान, भीती आणि शासनाची उदासीनता हे बाकीचे. हे अडथळे एकामागे एक उभे असल्यामुळे त्यांतील एखादा दूर केला तरी वाट मोकळी होत नाही.

पुरवठा वाढला, पण कुठे?

भारतातील आधुनिक दंतवैद्यकाच्या शिक्षणाचा आरंभ १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी स्थापन केलेल्या महाविद्यालयाने झाला. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये आणि शासकीय दंत महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, दंतवैद्यक व्यवसायाचे नियमन करणारा कायदा संमत झाला आणि पुढच्या वर्षी भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. पुढे १९८० नंतर खाजगी महाविद्यालयांचे युग अवतरले. महाराष्ट्रात शासकीय दंत महाविद्यालये आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. खाजगी महाविद्यालयांची संख्या मात्र त्यांच्या कितीतरी पट आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत करून नियमनाची चौकट बदलण्याचे ठरविले. परंतु चौकट कोणतीही असली, तरी दंतवैद्य कुठे बसतो हा प्रश्न तिच्यामुळे सुटत नाही.

पुरवठा स्वतःची मागणी निर्माण करतो, असे एक जुने अर्थशास्त्रीय सूत्र आहे. महाविद्यालये वाढली की दंतवैद्य वाढतील, शहरात जागा उरली नाही की ते आपोआप खेड्याकडे वळतील, अशी आशा या सूत्राच्या आधारे बाळगली गेली. तसे घडले नाही आणि घडण्याचे कारणही नव्हते. फिजिशियनला एक टेबल, रक्तदाब मोजण्याचे साधन आणि औषधांच्या चार बाटल्या एवढ्या भांडवलावर खेड्यात बसता येते. दंतवैद्याचे तसे नाही. त्याला खास खुर्ची लागते, दात कोरण्याचे यंत्र चालविणारा कॉम्प्रेसर लागतो, क्ष-किरण यंत्र आणि निर्जंतुकीकरणाची साधने लागतात. अखंड वीज आणि वाहते पाणी हवेच. शिवाय टोप्या आणि कवळ्या बनविणारी प्रयोगशाळा फार दूर असून चालत नाही. हा सारा खर्च स्थिर स्वरूपाचा आहे. रोगी एक आला काय किंवा वीस आले काय, तो कमी होत नाही. त्यातून खाजगी महाविद्यालयात लाखो रुपये शुल्क भरून घेतलेली पदवी डोक्यावर कर्जाचा बोजा ठेवून जाते. अशा तरुणाने जिथे रोगी रोख पैसे देऊ शकतात अशा वस्तीत दवाखाना थाटावा, यात त्याचा स्वार्थ असला तरी अपराध नाही. परिणाम मात्र असा की शहराच्या एकाच हमरस्त्यावर दंतवैद्यांच्या पाट्या ओळीने दिसतात आणि तालुक्यातील पन्नास गावांत मिळून एकही पाटी दिसत नाही.

वेल्समधील खाणकामगारांच्या वस्तीत आयुष्य घालविलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ मध्ये एक कटू सत्य मांडले होते: चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज सर्वाधिक असते तिथेच सर्वांत कमी मिळते, आणि बाजाराला जितकी मोकळीक मिळेल तितकी ही विपरीतता वाढते. या नियमाचा प्रत्यय घ्यायचा असेल तर दंतोपचारासारखे क्षेत्र दुसरे नाही.

खेड्यातील तीन खेपा

ग्रामीण भागातील शासकीय व्यवस्थेची रचना पाहिली म्हणजे अडथळा कुठे आहे ते स्पष्ट होते. सपाटीच्या भागात साधारण तीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. या केंद्रात वैद्यकीय अधिकारी असतो, परिचारिका असते, औषधनिर्माता असतो, दंतवैद्य नसतो. तो भेटण्याची शक्यता त्याच्या वरच्या पायरीवर, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास वस्तीसाठी असलेल्या ग्रामीण रुग्णालयात सुरू होते. आता साधे त्रैराशिक मांडून पाहावे. एका रोग्यावर अर्धा तास धरला आणि दिवसाचे सहा तास काम धरले, तर एक दंतवैद्य दिवसाला बारा रोगी तपासू शकेल. वर्षाचे तीनशे दिवस त्याने एकही रजा न घेता काम केले, तरी ३,६०० बैठका होतील. सव्वा लाख वस्तीच्या मानाने हे प्रमाण शंभर माणसांमागे तीन बैठकांचेही नाही. ज्या समाजात दहापैकी आठ प्रौढांच्या दातांना कीड आहे, तिथे ही व्यवस्था समुद्रात चमच्याने साखर घालण्यासारखी आहे.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. हा निर्णय स्वागतार्ह होता. पण किंमत शून्यावर आली म्हणजे खर्च शून्यावर येतो असे नाही. कीड मज्जेपर्यंत पोहोचलेली दाढ वाचवायची तर रूट कॅनालसाठी बहुधा दोन-तीन खेपा घालाव्या लागतात. रोजगार हमीचा २०२५-२६ सालचा महाराष्ट्रातील दर ३१२ रुपये होता. तो जरी प्रमाण धरला, तरी तीन खेपांत नऊशेहून अधिक रुपयांची मजुरी बुडते. एस.टी.चे भाडे वेगळे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याने भाड्याचा भार हलका झाला. परंतु मागे राहिलेल्या गुरांची, मुलांची आणि चुलीची व्यवस्था कोणती सवलत करणार? याउलट दाढ काढून टाकायला एकच खेप पुरते. दाढ काढली की वेदना थांबते, मजुरी एकाच दिवसाची बुडते. दाढ भरायला लागणारे साहित्य आणि वेळ अनेक ठिकाणी अपुरा असल्यामुळे डॉक्टरलाही तेच सोयीचे पडते. अशा रीतीने रोगी आणि डॉक्टर दोघेही आपापल्या परीने शहाणपणाचा निर्णय घेतात, आणि त्या दोन शहाणपणांच्या बेरजेतून वाचू शकणारा दात कचऱ्याच्या बादलीत पडतो. श्रीमंताचा दात वाचतो आणि गरिबाचा दात काढला जातो, या वाक्यात कोणतीही अतिशयोक्ती नाही.

ऊसतोड मजुरांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील कोरडवाहू तालुक्यांतून लाखो मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या फडांवर जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि एक दिवसाचा खाडा झाला तर त्याची रक्कम कापली जाते. अशा मजुराच्या बायकोची दाढ सुजली तर तिने कोणत्या गावच्या रुग्णालयात, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या परवानगीने जावे? ज्या राज्याने साखरेवर सहकाराची एवढी मोठी इमारत उभी केली, त्या राज्यात ऊस तोडणाऱ्याच्या किडक्या दातासाठी फडाच्या आसपास सोय नसावी, हे चित्र शोभादायक नाही.

मिश्री, तंबाखू आणि पाणी

दाताच्या दुखण्यावर उपचार नसला की माणूस स्वतःचा उपचार शोधतो, आणि तो उपचारच पुष्कळदा रोगाचे मूळ बनतो. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली मिश्री महाराष्ट्राच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या दातांना लावली जाते. दाढ दुखत होती म्हणून मिश्री लावली, दुखणे थोडे बधिर झाले, मग सवय जडली आणि सवयीचे व्यसन झाले, ही हकिकत घरोघरच्या आजीबाई, मावशी आणि काकू सांगतील. पुरुष दाताखाली तंबाखूचा बार भरतात तो भूक आणि शीण मारण्यासाठी. प्रौढांमधील तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आत होते. म्हणजे महाराष्ट्राचा तंबाखू प्रामुख्याने तोंडातच मुरतो. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी केली आणि राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोणता निरीक्षक अडविणार?

याचा शेवट पुष्कळदा तोंडाच्या कर्करोगात होतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे एक लाख चाळीस हजारांहून अधिक नवे रुग्ण होते, आणि भारतीय पुरुषांत हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. हा रोग पोटातल्या गाठीसारखा लपून बसत नाही. तोंड उघडून उजेडात पाहिले तर पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा आवळत चाललेला जबडा डोळ्यांना दिसतो. तरीही रुग्ण उशिरा येतात, कारण त्यांचे तोंड उघडून पाहणारेच कोणी नसते. दाताने कोणी मरत नाही, या समजाचे खंडन करण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

पाण्याची कथा वेगळी आहे. दुष्काळाच्या वर्षांत गावोगाव विंधन विहिरी खोदल्या गेल्या. त्यांनी तहान भागविली; परंतु काही भागांत खोलवरचे पाणी फ्लोराइडने भारलेले निघाले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड ही इष्ट मर्यादा असून दुसरा स्रोत नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत ही मर्यादा ओलांडलेले पाणी प्यायल्यामुळे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि खळगे पडतात आणि पुढे हाडेही ताठरतात. या मुलांना दंतवैद्याआधी स्वच्छ पाणी हवे आहे. दातांचा प्रश्न केवळ दंतवैद्यांच्या खात्याचा नाही, पाणीपुरवठ्याच्या खात्याचाही आहे, हे यावरून ध्यानात यावे.

शहरातील अंतर

शहरात दंतवैद्य कोपऱ्याकोपऱ्यावर असताना तिथे अडथळा कसला, असे कोणी विचारील. शहरातील अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते. ते रुपयांत आणि तासांत मोजावे लागते. एक रूट कॅनाल आणि त्यावरची टोपी यांचा खाजगी दवाखान्यातील खर्च हजारोंच्या घरात जातो. घरकाम करणारी बाई, हातगाडीवाला किंवा कंत्राटी सफाई कामगार यांना तो महिन्याच्या कमाईतून बाजूला काढणे अशक्य असते. त्यांना पालिकेचे अथवा शासनाचे दंत रुग्णालय परवडते. मुंबईतील अशा रुग्णालयांत उपचार चांगला होतो आणि अल्प दरात होतो. परंतु तिथे सकाळी लवकर रांग धरावी लागते, पुढच्या बैठकीची तारीख लांबची मिळते आणि प्रत्येक बैठकीला रोजंदारी बुडते. मग पदपथावर कवळ्या मांडून बसणारा, ना परीक्षा ना नोंदणी असलेला 'दातांचा डॉक्टर' जवळचा वाटू लागतो. त्याच्या अस्वच्छ हत्यारांतून रक्ताद्वारे पसरणारी काविळ किंवा त्याहून भयंकर रोग घरी येऊ शकतो, ही माहिती रोग्याला नसते.

कारकून आणि शिक्षक यांचा वर्गही या दुःखापासून मुक्त नाही. त्याच्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते, ती अज्ञानाची. केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की वैद्यकीय सेवेचा बाजार भाजीबाजारासारखा नसतो. विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला ठाऊक नसते. दाढ काढावी, भरावी की तिच्यावर टोपी बसवावी, हे रोगी ठरवू शकत नाही. सांगितलेला उपचार खरोखर आवश्यक आहे की दवाखान्याचे भाडे फेडण्यासाठी आहे, अशी शंका त्याच्या मनात राहते. बहुसंख्य दंतवैद्य प्रामाणिक आहेत. परंतु शंका प्रामाणिक आणि अप्रामाणिक यांत भेद करीत नाही. ती रोग्याला वेदना असह्य होईपर्यंत घरी बसविते आणि मग खर्च दसपट होतो. भीतीही याच्याच जोडीला असते. वरचा दात काढला की डोळ्यांची दृष्टी जाते, हा निराधार समज शिकलेल्या घरांतही आजतागायत ऐकू येतो.

विम्याने तरी हा भार उचलावा, तर तिथेही दात बाहेरच राहतात. खाजगी विम्याच्या बहुतेक सर्वसाधारण पॉलिसींत अपघाताखेरीज दंतोपचार वगळलेला असतो. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहेत. जबड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेला त्यांत स्थान आहे. पण दात भरणे, हिरड्या साफ करणे, रूट कॅनाल हे सारे बाह्यरुग्ण विभागातले असल्यामुळे ते कक्षेबाहेर पडतात. म्हणजे दोनशे रुपयांत थांबणारा रोग थांबविण्यास पैसा नाही आणि तो लाखाचा झाला की पैसा आहे, असा हा उफराटा हिशेब होतो.

इतर देशांचे धडे

दंतोपचार सर्वांना मोफत द्यावा, एवढी घोषणा करून भागत नाही, हे ब्रिटनने अनुभवले आहे. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होताच वर्षानुवर्षे तुंबलेली गरज धरण फुटावे तशी बाहेर पडली आणि कवळ्यांची मागणी सर्व अंदाज ओलांडून गेली. अखेर १९५१ मध्ये कवळ्या व चष्म्यांवर शुल्क बसविण्याचा निर्णय झाला आणि त्याच्या निषेधार्थ या सेवेचे शिल्पकार अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. यातून एवढेच शिकायचे की बिघडलेले दात दुरुस्त करण्याचे काम श्रीमंत राष्ट्रालाही जड जाते. दात बिघडू न देणे हेच स्वस्त पडते.

न्यूझीलंडने दुसरी वाट धरली. तिथे १९२१ पासून शाळांसाठी दंत परिचारिका प्रशिक्षित करण्यास प्रारंभ झाला. पूर्ण पदवी नसलेल्या, परंतु मुलांचे दात तपासणे, साफ करणे आणि भरणे या कामांत तरबेज असलेल्या या परिचारिका शाळेतच काम करीत. श्रीलंकेनेही गेल्या शतकाच्या मध्यास याच धर्तीवर शालेय दंतसेविकांची योजना स्वीकारली. आपल्याकडील १९४८ च्या कायद्यातही दंत-आरोग्यक या सहायक वर्गाची तरतूद होती. तथापि खेड्यातील सेवेचा कणा म्हणून त्याचा उपयोग करण्याचे कोणी मनावर घेतले नाही.

काय करता येईल

पहिले पाऊल शाळेत टाकावे लागेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून पथके शाळा-अंगणवाड्यांत जाऊन मुलांची तपासणी करतात आणि त्यात दातांची कीडही पाहिली जाते. परंतु तपासणीच्या कार्डावर 'दंतवैद्याकडे पाठवावे' असे लिहिले म्हणजे मूल तिथे पोहोचते असे नाही. शिक्षकांना याचा अनुभव नवा नाही. सबब, उपचारच शाळेत आला पाहिजे. यंत्र आणि वीज यांच्याशिवाय केवळ हातातील अवजारांनी कीड खरवडून खास सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. चांदीच्या फ्लोराइड द्रावणाचा थेंब लावून कीड जागच्या जागी थोपविण्याची पद्धतही उपलब्ध आहे. तिने दातावर काळा डाग पडतो, पण दात वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, हे सिमेंट आणि हे द्रावण या तिन्हींचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. दुर्मिळ तंत्रज्ञानाची वाट पाहण्याचे कारण आता उरलेले नाही.

दुसरे पाऊल प्राथमिक आरोग्य केंद्रात. आयुष्मान आरोग्य मंदिरांसाठी जी सेवासूची ठरविली गेली, तिच्यात मौखिक आरोग्याची प्राथमिक सेवा कागदावर समाविष्ट आहे. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, अशी तिची गत होऊ द्यायची नसेल, तर तिच्यासाठी माणूस नेमला पाहिजे. प्रत्येक केंद्रावर दंतवैद्य शक्य नसेल, तर प्रशिक्षित सहायक नेमावा आणि तीन-चार केंद्रांमागे एक फिरता दंतवैद्य असावा. सहायकांमुळे उपचाराचा दर्जा खालावेल, असा आक्षेप व्यवसायातून घेतला जाईल, आणि तो अगदीच फेटाळण्याजोगा नाही. देखरेख नसेल तर दर्जा खालावेलच. परंतु आजचा पर्याय 'उत्तम दंतवैद्य' हा नाही. तो 'कोणीच नाही' किंवा 'बाजारच्या दिवशी येणारा भोंदू' हा आहे, हे विसरून चालणार नाही.

तिसरे पाऊल आशा कार्यकर्तीच्या हातातील विजेरीचे. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन प्रौढांची तोंडे तपासली. या प्रयोगाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू या तपासणीमुळे सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे त्यात दिसून आले. यासाठी यंत्र लागले नाही. लागले ते प्रशिक्षण, उजेड आणि चिकाटी. या कामाचा स्वतंत्र मोबदला आशा कार्यकर्तीला मिळाला पाहिजे; बिनपगारी सद्भावनेवर कार्यक्रम चालत नाहीत.

चौथी गोष्ट पैशाची. दात भरणे आणि साधे रूट कॅनाल यांचा समावेश शासकीय विमा योजनांत मर्यादित स्वरूपात का होईना, करावा लागेल. दर निश्चित केले आणि तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना काढणाऱ्या तरुण दंतवैद्यांना या योजनेतून रोग्यांची हमी दिली, तर गरजेचे रूपांतर मागणीत होईल आणि बेकार पदवीधरालाही खेड्याकडे वळण्यास आर्थिक कारण मिळेल. खाजगी दंत महाविद्यालयांना शिक्षणासाठी रोगी लागतातच. त्यांनी आपले आंतरवासी विद्यार्थी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ग्रामीण रुग्णालयात पाठवावेत, गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात फिरती पथके ठेवावीत, आणि शहरातील सार्वजनिक दंत रुग्णालयांनी संध्याकाळी व रविवारी विभाग उघडे ठेवावेत. यात भांडवली खर्च थोडा आहे. वेळापत्रक बदलण्याची इच्छा मात्र हवी.

सप्टेंबर २०२५ मध्ये टूथपेस्टवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. दात घासण्याचे साधन ही चैनीची वस्तू नव्हे, हे मान्य होण्यास इतकी वर्षे लागली. दंतोपचार हाही चैनीचा विषय नाही, हे मान्य होण्यास तितकीच वर्षे लागू नयेत.

दात गेलेला माणूस भाकरी चहात किंवा वरणात बुडवून खातो, कडक फळे आणि कच्च्या भाज्या टाळतो, हळूहळू कमी खातो आणि त्यामुळे कमी कामही करतो. दाढदुखीने रात्रभर जागलेला विद्यार्थी वर्गात बसतो, पण शिकत नाही. या हानीची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही. जे मोजले जात नाही ते नाहीच असे समजण्याची शासनाला आणि समाजाला लागलेली सवय ही खरी कीड आहे, आणि ती काढण्याचे काम कोणत्याही एका दंतवैद्याच्या हातून होणारे नाही.